शाहीर पठ्ठे बापूराव

गेल्या चैत्रातील गोष्ट. वेल्हे भागातील (ह्या तालुक्यास आता सरकारदफ्तरी राजगड असे नाव मिळाले आहे) एका गावची जत्रा रविवारी भरली आणि सोमवारी आमच्या नववीच्या वर्गात अकरा जागा रिकाम्या दिसल्या. जी मुले हजर होती त्यांपैकीही कित्येकांच्या पापण्या जड झाल्या होत्या. वसतिगृहात राहणारा एक मुलगा पहाटेच्या एसटीने गावाहून थेट शाळेतच आला होता. पाठ करावयास दिलेली कविता म्हणण्यासाठी आम्ही नेमके त्यालाच उभे केले. पहिल्या दोन ओळींपलीकडे त्याची गाडी सरकेना. वर्ग हसू लागला व मागच्या बाकावरून कोणीतरी चहाडी केली की, ह्याला कविता येत नाही पण काल रात्रीच्या तमाशातला गण अख्खा येतो. एरवी आम्ही असले बोलणे तेथेच मिटविले असते. त्या दिवशी काय मनात आले कोण जाणे, आम्ही त्याला तो गण म्हणावयास सांगितला. त्याने डोळे मिटले, बाकावर बोटांनी ठेका धरला आणि कोठेही न अडखळता, शेवटच्या नाममुद्रेपर्यंत, सबंध गण चालीवर म्हणून दाखविला. मग खाली बसता बसता त्याने सहज विचारले की, शेवटी ज्याचे नाव येते तो पठ्ठे बापूराव म्हणजे कोण? आम्ही उत्तर दिले की, एक जुना शाहीर होता. आणि व्याकरणाकडे वळलो.

हे उत्तर आमचे आम्हांसच पुढे कित्येक दिवस सलत राहिले. ज्याचे शब्द एका डोंगरी गावातील पंधरा वर्षांच्या मुलास, तो शाहीर मरून पाऊणशे वर्षे उलटल्यावर, कोणी न शिकविता पाठ होतात, त्याच्याविषयी मराठीच्या शिक्षकाजवळ एवढेच शब्द असावेत ही गोष्ट भूषणावह खचित नव्हे. म्हणून हा चरित्रलेख आम्ही प्रथम त्या मुलासाठी व त्याच्याबरोबर इतर वाचकांसाठी लिहीत आहो.

प्रथम एक कबुली देणे अवश्य आहे. आमचे लहानपण मिशनच्या आवारात गेले. जत्रेच्या दिवसांत पलीकडच्या पटांगणातून ढोलकीचा आवाज येऊ लागला की आमच्या घरच्या खिडक्या लागत. तमाशा पाहणे तर दूरच, त्याचे नाव काढणेही आम्हांस मना होते. ह्या निषेधात सगळाच दुराग्रह होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. परंतु बंद खिडकीतूनही ढोलकी ऐकू येत असे, आणि ती ऐकण्यासाठी आम्ही जागे राहत असू, हेही खरे आहे.

आमच्या चरित्रनायकाचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष ह्या गावी झाला. हे गाव वाळवा तालुक्यातले. तो तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे, आज तो सांगली जिल्ह्यात आहे. घराणे ब्राह्मणाचे व वृत्ती कुलकर्णीपणाची. पाटलाच्या जोडीने गावचे दप्तर सांभाळावे, सारा कोणाकडे किती थकला ते मांडावे, जमिनीच्या नोंदी ठेवाव्यात, हा कुलकर्ण्याचा धर्म. लेखणी त्याच्या हाती असल्यामुळे गावात त्याचा दरारा असे. श्रीधरपंतांच्या हाती हीच लेखणी परंपरेने आली होती. तिने त्यांनी आयुष्यभर लिहिलेही पुष्कळ, परंतु ते खातेवहीत नव्हे.

त्यांच्या कवित्वाचा उगम जात्यावरच्या गाण्यांत झाला असे सांगतात. पहाटे गावातील बायका दळावयास बसत, त्यांच्या ओव्या मुलाच्या कानी पडत आणि तो त्यांच्या चालीवर आपले शब्द बसवून पाही. ही गोष्ट आम्हांस फार विश्वसनीय वाटते. भोर, वेल्हे व मुळशी ह्या आमच्या मावळपट्ट्यात जात्यावरील ओवीची संपत्ती केवढी होती हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. गी पोइटविन हे फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले विद्वान व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी ह्याच डोंगरखोऱ्यांतून आपल्या संग्रहास आरंभ केला. पुढे एक हजारांहून अधिक गावांतून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात उभी राहिली आणि गळे थांबले. संग्रह वेळेवर झाला म्हणून पुष्कळसे वाचले. येथे एक विचार आमच्या मनात येतो. शाहीर आपल्या कवनाच्या शेवटी नाममुद्रा घालतो, त्यामुळे त्याचे नाव गाण्याबरोबर गावोगाव फिरते. रेठऱ्याच्या ज्या बायकांनी त्या मुलाच्या कानात लय घातली त्यांच्या ओव्यांस मुद्रा नव्हती.

ओवीनंतर तमाशा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तालमी चालत. तेथे कुलकर्ण्याचा मुलगा जाऊन बसू लागला, प्रथम चोरून व नंतर उघडपणे. ह्या पाऊलाचे मोल आजच्या मुलांच्या लक्षात यावयाचे तर तमाशा ही काय वस्तू होती हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम अशा शाहिरांनी लावणी व पोवाडा यांस वैभवास नेले. त्यांत ब्राह्मणापासून गवळी-शिंप्यापर्यंत सर्व जातींचे लोक होते. पेशवाई बुडाली, आश्रय तुटला, आणि फडाचा सारा भार मुख्यतः महार, मांग व कोल्हाटी ह्या समाजांवर येऊन पडला. त्यांनी तो उचलला आणि वाढविला. १८६५ च्या सुमारास सावळजच्या उमा-बाबूंनी 'मोहना-बटाव' हा वग रंगभूमीवर आणिला. तेव्हापासून तमाशास कथानकाची जोड मिळाली. ढोलकीवाला, कडे किंवा हलगी वाजविणारा, तुणतुणे व झांज धरून पाठीमागे सूर देणारे सुरत्ये, हजरजबाबी सोंगाड्या, मुख्य गायक जो सरदार, आणि नाचणारा, असा हा संच असे. आरंभी गण, म्हणजे गणेशाचे स्तवन, मग गौळण, तीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची कृष्ण वाट अडवितो, मग लावण्या, मध्यंतरी कलगीवाले व तुरेवाले यांची सवाल-जबाबाची झुंज, आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. स्त्रीचे काम बहुधा पुरुषच करीत. मिसरूड न फुटलेल्या पोरास लुगडे नेसवून नाचवीत, त्याला नाच्या पोर म्हणत. रसिक म्हणून सर्व जाती समोर बसत. फडावर उभे राहण्याचा कलंक मात्र ठराविक जातींच्याच कपाळी असे. लोक रात्रभर ज्याच्या शब्दास मान डोलवीत, त्यालाच सकाळी पाणवठ्यापासून दूर उभा करीत.

अशा ठिकाणी श्रीधरपंत कुलकर्णी स्वतः उभे राहिले. आधी फडकऱ्यांस कवने करून द्यावीत, मग जवळ बसून ती म्हणवून घ्यावीत, असे करता करता ते पायरी पायरीने वर चढले (गावच्या दृष्टीने खाली उतरले). भाऊबंदांनी समजाविले, धमकाविले व शेवटी टाकले. श्रीधरपंत जाऊन पठ्ठे बापूराव झाले. पठ्ठा म्हणजे तालमीतला शागीर्द, वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला गडी. जन्माने आलेले नाव टाकून ह्या गृहस्थांनी शिष्यत्वाचे नाव घेतले, व तेही ज्यांची सावली चुकवावी असे त्यांना लहानपणी शिकविले असणार त्यांच्या शिष्यत्वाचे.

त्यांच्यापूर्वी शंभर वर्षे सोलापूरच्या राम जोशांनी हीच वाट धरली होती. तेही ब्राह्मण, तेही घराबाहेर पडलेले. परंतु राम जोशी उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले व लोकांनी त्यांना पदरात घेतले. बापूराव मागे वळले नाहीत. दोघांपैकी कोण मोठा कवी हा वाद आम्ही जाणत्यांवर सोपवितो, पण निश्चयाच्या बाबतीत आमचे मत बापूरावांकडे झुकते.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य व्यक्तीकडे येऊ. संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचे गाव आहे. तेथील महार घराण्यात जन्मलेली पवळा ही गाण्यात, नृत्यात व रूपात अशी काही असामान्य निघाली की तिला लोक नामचंद पवळा म्हणू लागले. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री असा तिचा लौकिक आहे. येथवर लिहून आमच्या ध्यानात आले की, बापूरावांस आम्ही अहो-जाहो करीत आहो आणि पवळाबाईंस एकेरी. सारा महाराष्ट्र तसेच करीत आला आहे. निदान ह्या पानावर तरी ते पुढे चालू ठेवण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बापूरावांची शब्दरचना व पवळाबाईंचा गळा यांची गाठ पडली आणि तमाशास दुसरी जवानी आली. बापूरावांनी लिहावे, बाईंनी ते उभे करावे. बापूराव सवाल टाकीत, बाई जबाबात त्यांना निरुत्तर करीत. एका ब्राह्मणाने महार स्त्रीबरोबर एका पटावर बसावे, एका घरात राहावे, एका ताटात जेवावे, ही गोष्ट त्या काळी केवळ अनीतीची नव्हे, प्रलयाची समजली जाई. वर्तमानपत्रांतून टीका झाली, जातवाल्यांनी शाप दिले, आणि तिकिटे अधिकच खपली. पापाचा निषेध करणारे लोक ते पाप डोळ्यांनी पाहण्यासही येत असत, हा मनुष्यस्वभाव आहे.

बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांच्या त्यागाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. ती योग्यच आहेत. परंतु आम्ही जेव्हा जेव्हा हा प्रसंग मनापुढे आणितो तेव्हा आम्हांस दुसरी बाजूही दिसते. बापूरावांजवळ सोडण्यासारखे काहीतरी होते. वतन, वाडा, पंक्तीतील पाट. ते त्यांनी सोडले म्हणून त्यांची वाहवा झाली. पवळाबाईंजवळ सोडण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्यांनी काय दिले ह्याचा हिशोब कोणी मांडला नाही. त्यांच्या वाट्यास जी कीर्ती आली ती अशी की, पडदा पडल्यावर तिलाच बदनामी म्हणत.

त्या दिवसांत मुंबईत कापडगिरण्या धडाक्याने चालत होत्या. घाटावरून व कोकणातून हजारो तरुण तेथे लोटले होते. आमच्या मावळातील घरोघरचे कोणी ना कोणी तेथे गेलेले. एका खोलीत दहा-पंधराजणांनी पाळीपाळीने झोपावे, खाणावळीत जेवावे, पगार झाला की काही गावी धाडावा आणि उरलेल्यातून एक तिकीट काढावे. पिला हाऊसच्या आसपासची नाटकघरे अशा प्रेक्षकांनी भरून जात. गावची जत्रा वर्षातून एकदा, येथे जत्रा रोजची. बापूरावांनी ह्या प्रेक्षकांसाठी मुंबईचेच वर्णन करणारी लावणी रचली. तिच्यात शहराची ऐट, रस्ते, दिवे, वाहने, नाना देशांची माणसे, सारे काही खेड्यातून प्रथमच आलेल्या माणसाच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींपुढे १९०८-०९ च्या सुमारास बापूराव व पवळाबाई यांनी मिठाराणीचा वग सादर केला. महाराजांची गुणग्राहकता प्रसिद्धच आहे. पैलवान, गवई, चित्रकार, नट, कोणताही गुणी मनुष्य तेथून रिकाम्या हाती परतत नसे. शिवाय १९०२ साली आपल्या संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणाऱ्या ह्या राजास, एका ब्राह्मणाने महारांच्या फडात शागिर्दी पत्करलेली पाहून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

बापूरावांनी आपल्या एका लावणीत आपण दोन लाख लावण्या केल्याचे सांगितले आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे पाटी घ्यावी. पन्नास वर्षे अखंड लेखन केले असे धरले, तर वर्षास चार हजार, म्हणजे दिवसास जवळजवळ अकरा लावण्या होतात, व त्यात सुट्टी एकही नाही. शाहिराच्या अंकगणितास शाळेतील नियम लावू नयेत हेच बरे. तथापि त्यांची प्रतिभा शीघ्र होती, समोरच्याने सवाल टाकताच उभ्या उभ्या छंदोबद्ध जबाब देण्याची त्यांची ताकद होती, हे त्या बढाईवरून कळते. त्या अपार रचनेपैकी छापून राहिलेला भाग थोडा. बाकीचे फडकऱ्यांच्या तोंडी गेले आणि त्यांच्याबरोबर संपले.

त्यांच्या कवनांविषयी आमचे मत विचाराल तर गण व गौळणी आम्हांस सर्वांत सरस वाटतात. गणात ते देवाला केवळ नमस्कार करून थांबत नाहीत. त्याला झुंजीच्या मैदानात उतरवितात आणि निर्गुण-सगुणाची कोडी घालतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची बोली आणि पुराणिकाची संस्कृत शब्दकळा ह्या दोहोंची वीण अशी घट्ट बसते की सांधा दिसत नाही. शब्द ढोलकीवर पडण्यासाठीच जन्मल्यासारखे असतात. नुसते वाचले तर अर्धे, ठेक्यावर म्हटले तर पुरे. शृंगारिक लावण्यांपैकी काही मात्र अशा आहेत की त्या ह्या वार्षिकात छापल्यास मुख्याध्यापक आम्हांस बोलावून घेतील, आणि तसे केल्यास त्यांचे फारसे चुकणारही नाही.

ह्या ठिकाणी समुद्रापलीकडील एक गोष्ट आठवते. अमेरिकेत अलाबामा प्रांती १८७३ साली, म्हणजे आमच्या चरित्रनायकानंतर सातच वर्षांनी, विल्यम ख्रिस्तोफर हँडी नावाचा कृष्णवर्णीय मुलगा जन्मास आला. त्याचे वडील मेथडिस्ट पंथाचे पाळक. मुलाने पैसा पैसा जमवून गिटार विकत आणिले, तर वडिलांनी ते सैतानाचे वाद्य म्हणून परत करावयास लाविले व त्याच्या बदली शब्दकोश घेवविला. मुलाने शब्दकोश घेतला, परंतु गाणे सोडले नाही. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या आपल्या लोकांची शेतात, धक्क्यावर, रेल्वेच्या कामावर म्हटली जाणारी दुःखाची गाणी त्याने ऐकली, लिहून काढिली व आपल्या रचनांत आणिली. त्यांना ब्लूज म्हणतात. १९१२ साली 'मेंफिस ब्लूज' व १९१४ साली 'सेंट लुइस ब्लूज' ह्या रचना छापून निघाल्या आणि ज्या संगीतास सभ्य लोक नाके मुरडीत ते जगभर गेले. १९५४ साली लुई आर्मस्ट्राँग ह्या थोर वादकाने केवळ हँडीच्याच गाण्यांची एक सबंध ध्वनिमुद्रिका काढून त्याला मानवंदना दिली. तेव्हा हँडी ऐंशी ओलांडलेला होता, डोळे गेले होते, परंतु कान शाबूत होते; ती त्याने ऐकली. आमच्या वडिलांच्या मिटलेल्या खिडक्या आणि हँडीच्या वडिलांचा शब्दकोश ही एकाच घरातील वस्तू होत, असे आम्हांस ही हकीकत वाचताना वाटले. आमच्या समाजात नारायण वामन टिळकांसारख्या कवींनी देशी चालींना उपासनेत जागा करून दिली म्हणून बरे. नाहीतर आम्ही अजून परदेशी सुरांवरच मराठी शब्द ताणीत बसलो असतो. अभंगास दार उघडले, ढोलकीस मात्र उघडले नाही.

का उघडले नाही, व उघडावे की नाही, ह्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. त्याविषयीचा एक प्रसंग ह्या चरित्रात आहे आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह उभारला. त्या कार्यास निधी हवा होता. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न त्या निधीस देण्याची तयारी दाखविली. डॉक्टरांनी ते घेण्याचे नाकारिले. महार स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा, महारांच्या स्वाभिमानासाठी चाललेल्या लढ्यास नको, हे त्यांचे कारण होते.

आम्ही हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा दोन तट पडले. काही मुलांस बापूरावांचा अपमान झाला असे वाटले. ज्याने जात सोडली, ज्याने आयुष्य त्याच लोकांत काढले, त्याचे हात असे झिडकारावे काय? दुसऱ्यांचे म्हणणे असे की, बाबासाहेबांनी नाकारिले ते बापूरावांस नव्हे, तर त्या व्यवस्थेस, जिच्यात एका समाजाच्या मुलींनी साऱ्या गावाची करमणूक करावी हे ठरूनच गेलेले असते. ह्या दुसऱ्या पक्षाशी आम्ही सहमत आहो. देवाला वाहिलेल्या मुरळ्या, फडावरच्या नाचणाऱ्या, यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे आमच्या वडिलांच्या मिटलेल्या खिडकीमागेही काहीएक कळकळ होती, हे ध्यानात येते. परंतु खिडकी मिटणारा मनुष्य नाचणारीस विसरून जातो. बाबासाहेब तिला विसरले नव्हते. तरीही रिकाम्या हातांनी माघारी फिरणाऱ्या बापूरावांचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. जे त्यांनी आपल्या आयुष्याचे सर्वांत मोठे साहस मानले असेल, त्याच्यातच त्या लढ्याच्या नेत्यास दोष दिसला. पवळाबाईंस ह्या नकाराविषयी कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात कोणासच सुचला नाही, आम्हांसही नाही.

बाबासाहेबांच्या अनुयायांनी पुढे तमाशाचा साचा घेऊन जलसे काढले. सत्यशोधकांचे जलसे त्यापूर्वीच चालू होते. दोघांनीही ढोलकी, तुणतुणे, सवाल-जबाब व सोंगाड्याची थट्टा ठेविली, आणि नाचणारी स्त्री वगळली.

उतरती कळा लागण्यास वेळ लागला नाही. पवळाबाई व बापूराव यांची जोडी फुटली. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि पिला हाऊसकडे वळणारी पावले तंबूतल्या व थिएटरातल्या चित्रांकडे वळू लागली. बापूरावांनी मिळविलेला पैसा जसा आला तसा गेला. हिशोब ठेवणे हा ज्यांच्या घराण्याचा धंदा, त्यांना स्वतःचा हिशोब कधी ठेविता आला नाही. १९३९ साली पवळाबाई वारल्या. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात दारिद्र्यात व विपन्नावस्थेत गेले आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. भोरहून पुणे ते केवढे? तेव्हा आमचा हा गाव पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होता, आणि येथल्या जत्रांत त्यांचे गण तेव्हाही म्हटले जात असणार.

मृत्यूनंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर लौकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडकऱ्यांच्या पोटावर पाय आला, आरडाओरड झाली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. त्याच सुमारास शहरी लोकांस शाहिरांचे प्रेम वाटू लागले. १९४७ साली राम जोशांवर बोलपट निघाला, १९५० साली खुद्द बापूरावांवर निघाला व १९५१ साली होनाजीवर 'अमर भूपाळी'. ज्यांनी तमाशाचा तंबू कधी पाहिला नव्हता तेही मऊ खुर्चीत बसून शाहिरांसाठी डोळे पुसू लागले.

ह्या सर्व मानवंदनांपेक्षा आम्हांस एक वेगळीच अधिक मोलाची वाटते. रेठरे हरणाक्ष ज्या वाळवा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजात अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. शाळा त्यांना लाभली नाही म्हटले तरी चालेल. मुंबईस येऊन त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीतही राबले, आणि तमाशाचा साचा घेऊन त्याचे लोकनाट्य केले. गणात गणेशाच्या जागी त्यांनी मातृभूमीस, वीरांस व कष्टकऱ्यांस वंदन करविले. त्यांनीही मुंबईवर लावणी रचिली. बापूरावांच्या लावणीत जी मुंबई दिव्यांनी झगमगते, तीच येथे धुराने भरलेली, उपाशी, दोन भाग पडलेली दिसते. शिष्याने गुरूस दिलेला हा सवालाचा जबाबच होय. बोर्डावर जबाब देतात तो बरोबरीच्या गड्यास, आणि ह्याहून मोठा मान शाहिरांच्या जगात नाही. बापूरावांची लावणी विसरली गेली असती तर अण्णा भाऊंस ती उलटविण्याचे कारणच पडले नसते.

अजूनही पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपाऱ्या देतात, आणि मग चैत्र-वैशाखात आमच्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतूनही ट्रक येतात, कनाती उभ्या राहतात. हल्ली त्यात चित्रपटांतील गाण्यांचाच भरणा फार झाला आहे, अशी जुन्या लोकांची तक्रार असते. तरी आरंभी गण होतो, आणि तो पुष्कळदा बापूरावांचा असतो.

वरील हकीकत आम्ही त्या वर्गास दोन तासांत सांगितली. संपल्यावर तोच मुलगा उभा राहिला व त्याने पवळाबाईंचे गाव पुन्हा एकदा विचारले. भिंतीवरील महाराष्ट्राच्या नकाशात हिवरगाव पावसा छापलेले नव्हते. आम्ही संगमनेरच्या ठिकाणी खडूने एक ठिपका दिला. नकाशा शाळेच्या मालकीचा असल्याने शिपायाने तो दुसऱ्या दिवशी पुसून टाकिला. मुलाने कविता मात्र अद्यापि पाठ केलेली नाही.